अप्रीतीचा गुन्हा आणि शासन नावाचा वाचक

१

वृत्तपत्रस्वातंत्र्याचा प्रश्न सामान्यतः राज्यशास्त्राच्या वा विधिशास्त्राच्या कक्षेत चर्चिला जातो. साहित्यविचाराचा त्याच्याशी संबंध असलाच तर तो केवळ सहानुभूतीचा, अशी एक समजूत रूढ आहे. मात्र राजद्रोहाच्या कायद्याचा भारतातील इतिहास पाहिला, तर ह्या कायद्याच्या गाभ्याशी एक वाचनविषयक सिद्धांत दडलेला आहे, हे लक्षात येते. संहितेचा अर्थ कोण ठरवतो, संहिता वाचकाच्या मनात काय निर्माण करते, आणि त्या निर्मितीचे उत्तरदायित्व कोणाचे, हे तिन्ही प्रश्न समीक्षेचेच आहेत. फरक इतकाच, की समीक्षेत त्यांचे चुकीचे उत्तर दिले तर एखादा लेख फसतो. न्यायालयात ते दिले गेले तर माणूस तुरुंगात जातो.

भारतीय दंडसंहितेत १८७० साली समाविष्ट झालेल्या १२४-अ ह्या कलमाचा आधारभूत शब्द होता 'डिसअफेक्शन'. मराठीत त्यासाठी 'अप्रीती' हा शब्द योजला जातो. शासनाविषयी अप्रीतीची भावना चेतवणे हा गुन्हा. येथे कृती नाही, कट नाही, शस्त्र नाही. आहे ती भावना, आणि तीही लिहिणाऱ्याची नसून वाचणाऱ्याची. १८९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर जो खटला चालला, त्यात न्यायमूर्ती स्ट्रेची ह्यांनी ज्यूरीला समजावून सांगताना अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ लावला. द्वेष, वैर, नावड, तिरस्कार अशी दुर्भावनेची सर्व रूपे त्यांनी तीत अंतर्भूत केली. लेखनामुळे प्रत्यक्ष उठाव किंवा दंगल झाली की नाही, हा मुद्दा त्यांच्या मते गौण होता. ह्या विवेचनावर टीका झाली, तरी पुढच्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन राजनिष्ठेचा अभाव आणि वैरभावना अप्रीतीच्या व्याख्येत स्पष्टपणे घातल्या गेल्या.

ह्या खटल्यातील संहिता कोणत्या होत्या? १५ जून १८९७ च्या 'केसरी'तील शिवराज्याभिषेकोत्सवाचा वृत्तांत, आणि समाधीतून जागे झालेले शिवाजी महाराज देशाची दशा पाहतात अशी कल्पना असलेली एक कविता. अफझलखानाच्या वधाची नैतिक चिकित्सा हा त्या वृत्तांतातील एक भाग. २२ जूनच्या रात्री पुण्यात रँड आणि आयर्स्ट ह्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि आठवडाभरापूर्वी छापलेल्या मजकुराचा अर्थ पालटला. नंतरच्या घटनेने आधीच्या संहितेला अर्थ पुरवला. नऊ ज्यूररांपैकी सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरवले, तिघा भारतीयांनी निर्दोष. एकच मजकूर दोन वाचकगटांनी इतक्या वेगळ्या रीतीने वाचला, ही वस्तुस्थितीच त्या मजकुराच्या अर्थाविषयी साशंकता निर्माण करण्यास पुरेशी होती. पण बहुमताचा अर्थ हाच अर्थ ठरला, आणि शिक्षा झाली अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची.

२

१९०८ च्या दुसऱ्या खटल्यात हा प्रश्न अधिक उघडपणे भाषेचा झाला. 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे दोन अग्रलेख ह्या खटल्याच्या केंद्रस्थानी होते. टिळकांनी स्वतः २१ तासांहून अधिक काळ बचावाचे भाषण केले. त्यातील लक्षणीय भाग भाषांतराविषयी होता. ज्यूरीपुढे मराठी लेख नव्हतेच. होती ती सरकारी भाषांतरकाराने केलेली त्यांची इंग्रजी रूपे. ज्यांची भाषा मराठी नाही अशा बहुसंख्य ज्यूररांनी मराठी वाचकाच्या मनातील भावनेचा निवाडा करावा, ह्यातील विसंगती टिळकांनी खटल्यापूर्वीच, विशेष ज्यूरीला विरोध करताना, निदर्शनास आणली होती. पाश्चात्त्य राजकीय संकल्पनांसाठी मराठी शब्द अजून घडत होते. अशा घडत्या शब्दाला कोशातून एक कठोर प्रतिशब्द शोधला की लेखकाचा हेतूही कठोर ठरत असे.

ह्या अग्रलेखांतील युक्तिवादाचे स्वरूपही ध्यानात घेण्यासारखे आहे. मुझफ्फरपूरच्या बाँबस्फोटाचा निषेध करीत असतानाच, असे अविचार ज्या परिस्थितीतून उद्भवतात तिची कारणे त्यांत शासनाच्या धोरणात शोधलेली होती. कारणमीमांसा आणि समर्थन ह्यांत तार्किक भेद आहे. रोगाचे निदान करणारा वैद्य रोगाचा पुरस्कर्ता ठरत नाही. परंतु अप्रीतीच्या कसोटीपुढे हा भेद टिकत नाही. कारण ती कसोटी विधानाचे सत्यासत्य पाहतच नाही, विधान ऐकून उमटणारा भाव पाहते. कारण जितके खरे, तितकी वाचकाची अप्रीती तीव्र. म्हणजे सत्य हा येथे बचाव न ठरता गुन्ह्याची तीव्रता वाढवणारा घटक होतो. न्यायमूर्ती दावर ह्यांनी सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा दिली, ती ह्या कसोटीच्या दृष्टीने सुसंगतच होती. दोष कसोटीत होता.

भाषांतराचा हा प्रश्न शतकभराने उलट दिशेने पुन्हा उपस्थित झाला. व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी ह्यांच्यावरील राजद्रोहाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये निर्णय दिल्यानंतर महाराष्ट्र शासनाने पोलिसांसाठी ऑगस्टमध्ये एक मराठी परिपत्रक काढले. त्यातील शब्दयोजना न्यायालयापुढे ठेवलेल्या इंग्रजी मार्गदर्शक तत्त्वांशी जुळत नाही आणि लोकप्रतिनिधींवरील टीकाही राजद्रोहाच्या कक्षेत येऊ शकेल, असे आक्षेप घेतले गेले. त्याच वर्षी ते मागे घेण्यात आले. एकदा मराठीतून इंग्रजीत, एकदा इंग्रजीतून मराठीत. दोन्ही वेळा शब्द सरकला तो नागरिकाच्या विरोधात.

३

दमनाला मराठी लेखणीने दिलेले एक उत्तर म्हणजे वक्रोक्ती. शिवराम महादेव परांजपे ह्यांचे 'काळ' हे पत्र १८९८ मध्ये सुरू झाले. उपरोध, व्याजस्तुती, पौराणिक दृष्टांत ह्यांच्या आश्रयाने त्यांनी असे गद्य घडवले, की वाच्यार्थ निरुपद्रवी राहावा आणि व्यंग्यार्थ वाचकापर्यंत पोहोचावा. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकात महाभारतातील कथा होती. प्रेक्षकांना मात्र कीचकात लॉर्ड कर्झन दिसत होते. ध्वनिसिद्धांताच्या परिभाषेत बोलायचे तर हा व्यंजनेचा राजकीय विनियोग होता, आणि त्याला सहृदय वाचक लाभला होता.

मात्र ह्या व्यवहारात आणखी एक सहृदय होता, तो म्हणजे शासन. व्यंग्यार्थ जनतेला कळतो तर तो सरकारी अनुवादकालाही कळतो. परांजपे ह्यांना १९०८ मध्ये राजद्रोहाबद्दल एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. १९१० च्या वृत्तपत्रविषयक कायद्यान्वये जामीन मागितला गेल्यावर 'काळ' बंद पडला. त्याच वर्षी 'कीचकवध'वर बंदी आली. आनंदवर्धनाने ज्या वाचकाची अपेक्षा केली, त्याची सूक्ष्म दृष्टी अभियोक्त्याच्या ठिकाणी अवतरावी, हा इतिहासाचा विलक्षण उपरोध म्हणावा लागेल.

ह्या प्रकरणातून साहित्यसमीक्षेने एक सोयीचा निष्कर्ष वारंवार काढला आहे: दडपणामुळे भाषा समृद्ध होते. बंदी आली म्हणून रूपक आले, तुरुंग होता म्हणून उपरोध धारदार झाला, असा हा युक्तिवाद. त्यात साहित्यापुरते थोडे तथ्य असेलही. पत्रकारितेला तो लावणे मात्र घातक आहे. वृत्तपत्राचा पहिला संबंध वस्तुस्थितीशी असतो, आणि वस्तुस्थितीला व्यंग्यार्थ नसतो. प्लेगच्या काळात कोणत्या पेठेतील घरे कशी तपासली गेली, सामान कोणी जाळले, कोणाला कोठे नेले, हे कीचकाच्या मुखाने सांगता येत नाही. रूपकातून संताप पोहोचतो. तपशील पोहोचत नाही. आणि तपशिलावाचून उरलेल्या संतापाला विवेकाचा आधार नसतो. म्हणजे जे शासन थेट वृत्त रोखते, तेच ज्या अनिर्बंध भावनेला भिते तिची मशागत करीत असते. वृत्ताचे साहित्यात झालेले रूपांतर समीक्षकाला कितीही आकर्षक वाटो, नागरिकाच्या दृष्टीने ती हानीच होय.

४

येथे मूळ नैतिक प्रश्न समोर येतो. आपल्या शब्दांनी वाचकाच्या मनात जे घडते, त्याचे उत्तरदायित्व पत्रकाराकडे आहे की नाही?

आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या संपादकापुढे सर्वांत सुरक्षित उत्तर असते 'नाही' हे. माझे शब्द निरुपद्रवी होते, वाचकाने भलताच अर्थ घेतला, असे म्हटले की सुटकेची शक्यता वाढते. पण ह्या बचावाची किंमत मोठी आहे. ज्या लेखणीचे सामर्थ्य हेच तिचे प्रयोजन, तिला आपले सामर्थ्य नाकारून स्वातंत्र्य मागावे लागते. अन्यायाचे वृत्त वाचून कोणालाही काहीच वाटणार नसेल, तर ते छापण्याचे कारणच उरत नाही. तेव्हा 'आमच्या लेखनाने काही होत नाही' ह्या आधारावर मिळवलेले स्वातंत्र्य हे निष्प्रभतेचे प्रमाणपत्र ठरते.

उलटपक्षी, 'होय, उत्तरदायित्व आहे' असे मान्य केले तर स्ट्रेचींचा सिद्धांत मागच्या दाराने आत येतो काय? येत नाही, मात्र त्यासाठी एक भेद काटेकोरपणे पाळावा लागतो. शासनाविषयीची अप्रीती आणि शेजाऱ्याविषयीचा द्वेष ह्या एकाच जातीच्या भावना नव्हेत. शासनाजवळ खुलाशाची साधने आहेत, अधिकार आहेत, पोलीस आहेत. त्याच्याविषयी नागरिकाच्या मनात प्रीती असावी अशी अपेक्षाच लोकशाहीत अप्रस्तुत आहे. त्याने कायदा पाळावा, एवढेच त्याच्याकडून मागता येते. ज्या दुर्बल समूहाविरुद्ध वृत्तपत्र द्वेष पेटवते, त्याच्याजवळ ह्यांपैकी काहीच नसते. तेथे पत्रकार खरोखर उत्तरदायी असतो. वसाहतीच्या कायद्याने हे उत्तरदायित्व उलटे केले होते: बलिष्ठाच्या प्रतिष्ठेला संरक्षण अधिक, दुर्बलाच्या जीविताला कमी. पत्रकाराच्या उत्तरदायित्वाचे माप लक्ष्याच्या दुर्बलतेच्या प्रमाणात वाढले पाहिजे, आणि त्याच्या सत्तेच्या प्रमाणात कमी झाले पाहिजे.

५

स्वातंत्र्योत्तर काळात न्यायालयांनी ह्या दिशेने काही वाटचाल केली. १९४२ मध्ये फेडरल कोर्टाने सार्वजनिक अव्यवस्थेची कसोटी मांडली होती. प्रिव्ही कौन्सिलने १९४७ मध्ये, मुंबई इलाख्यातील सदाशिव नारायण भालेराव ह्यांच्या प्रकरणात, ती अमान्य करून पुन्हा शब्दार्थाचा आग्रह धरला. १९६२ मध्ये केदारनाथ सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवले, परंतु हिंसेला चिथावणी किंवा अव्यवस्था निर्माण करण्याची प्रवृत्ती असेल तरच ते लागू होईल, अशी मर्यादा घातली. आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये, मिनू मसानी ह्यांच्या 'फ्रीडम फर्स्ट'मधील सेन्सॉरने रोखलेला मजकूर मुंबई उच्च न्यायालयाने एकेक करून तपासला. भाषा तिखट आहे एवढ्याच कारणाने टीकेचे प्रकाशन रोखता येत नाही, ही भूमिका त्या निर्णयात आहे. भीतीच्या त्या दिवसांत एका न्यायपीठाने संहिता शांतपणे वाचून दाखवली, ह्याचे मोल केवळ विधिविषयक नाही. ते वाचनाच्या नीतीचे उदाहरण आहे.

तथापि कथा येथे संपत नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२४-अ स्थगित ठेवण्याचा आदेश दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत 'राजद्रोह' हा शब्द नाही. पण तिच्या १५२ व्या कलमात फुटीर कारवायांच्या भावनांना उत्तेजन देणे हा गुन्हा आहे. अप्रीती गेली, भावना राहिली. आणि भावना राहिली म्हणजे तिचा अर्थ लावणारा अधिकृत वाचकही राहिला.

शिवाय दडपणाने आता संहितेची वाट पाहणेही सोडले आहे. केरळचे पत्रकार सिद्दीक कप्पन ह्यांना ऑक्टोबर २०२० मध्ये हाथरसच्या वाटेवर अटक झाली. शासनाने त्यांच्यावर बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक अधिनियमाखाली गंभीर आरोप ठेवले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये जामीन दिला, आणि ते प्रत्यक्ष बाहेर आले फेब्रुवारी २०२३ मध्ये. आरोपांचा निवाडा न्यायालयाचा. परंतु ज्या घटनास्थळाकडे ते निघाले होते, तेथील त्यांचे वृत्त कधी लिहिलेच गेले नाही. टिळकांच्या खटल्यात निदान वादाला एक अग्रलेख होता, त्याच्या शब्दांवर दोन्ही पक्षांना बोलता येत होते. जेथे लेखच उरत नाही, तेथे भाष्यकाराचे काम थांबते.

म्हणूनच ह्या प्रश्नाकडे साहित्यसमीक्षेने पाहुणी म्हणून पाहणे पुरेसे नाही. संहितेचा अर्थ संदर्भाने, वाचकाने, परंपरेने घडतो, हे समीक्षेने गेल्या काही दशकांत आग्रहाने मांडले. लेखकाचा हेतू अंतिम नाही, हेही तिने शिकवले. हा सिद्धांत अभियोक्त्याच्या हाती पडला, तर 'तुझा हेतू काय होता ह्याच्याशी कर्तव्य नाही, वाचकाला काय वाटले ते महत्त्वाचे' असा त्याचा अनुवाद होतो. अर्थाची अनेकता मान्य करणाऱ्या समीक्षेने म्हणूनच त्याच्या जोडीला दुसरे विधानही तितक्याच ठामपणे केले पाहिजे: जेथे अर्थ अनेक संभवतात, तेथे त्यांपैकी सर्वांत वाईट अर्थ निवडून त्यासाठी कोणालाही शिक्षा देता येत नाही.