पास्कल-सेकंदातला सेकंद

स्टीलच्या पेल्यात अर्ध्यापर्यंत पाणी घ्या आणि टेबलावर ठेवून द्या. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पहिल्या प्रकरणातली द्रायूची, म्हणजे फ्लुइडची, व्याख्या तुम्हाला पाठ असेल. ती थोडा वेळ बाजूला राहू दे. पाणी हेलकावेल, कडेला चढेल, परतेल. त्याला थांबू द्या.

आता पृष्ठभागाकडे पाहा. तो सपाट आहे. वाळूचा ढीग होतो, तो उतार धरून राहतो. मग पाण्याचा का होत नाही? या प्रश्नापाशी रेंगाळा, उत्तराची गडबड नको. उतार टिकायचा तर खालच्या थराने वरच्या थराला आडवं धरून ठेवायला हवं. हाच शिअर स्ट्रेस. स्थिर पाण्याला तो जराही पेलत नाही. कितीही हलका असला तरी तो असेपर्यंत पाणी सरकत राहतं, आणि तो संपला की थांबतं. म्हणजे ही सपाटी हीच ती व्याख्या आहे, डोळ्यांसमोर मांडलेली. आडवं धरणं उरलं नाही की उरतो फक्त दाब, आणि एखाद्या बिंदूपाशी तो सगळ्या दिशांना सारखाच असतो. पास्कलचा नियम इथूनच येतो.

अगदी कडेला पाणी किंचित वर वळलेलं दिसेल. ते पृष्ठताणाचं काम. २० अंशांना पाण्यासाठी त्याचं मूल्य मीटरला ०.०७३ न्यूटन. बारीक नळीत ते मोठं होतं, पेल्यात कडेपुरतंच राहतं. तिथून नजर पुढे न्या.

आता वाटीभर मध घ्या आणि त्यात चमचा उभा धरा. हात स्थिर असेपर्यंत मध चमच्याला कुठल्याही बाजूला ढकलत नाही. चमचा अगदी सावकाश सरकवा. विरोध आहे, पण थोडा. वेग वाढवा, विरोधही वाढला. थांबा, विरोध गेला. चमचा मागेही ढकलला जात नाही. स्टीलची पट्टी वाकवली तर ती वाकलेली असेपर्यंत हाताशी झगडते. किती वाकवली याचा हिशेब ती ठेवते. मधाला तुम्ही चमचा कुठून कुठे नेला याची फिकीर नाही. तो फक्त किती घाईने नेला, एवढंच विचारतो. घन आणि द्रायू यांच्यातला सगळ्यात खोल फरक मला हाच वाटतो. न्यूटनने १६८७च्या ‘प्रिन्सिपिया’त हेच गृहीत धरलं: द्रायूचे भाग ज्या वेगाने एकमेकांपासून अलग होतात, त्या प्रमाणात विरोध.

आता एककाकडे या. स्टीलच्या यंग्ज मॉड्युलसचं एकक पास्कल. मधाच्या त्या विरोधाचं माप म्हणजे व्हिस्कॉसिटी, तिचं एकक पास्कल-सेकंद. त्या सेकंदावर मन ठेवा. परीक्षेत आपण तो घाईने लिहून टाकतो, पण चमच्याने हाताला जे सांगितलं ते सगळं त्या एका सेकंदात आहे.

मान वर करून पंख्याच्या पात्याकडे पाहा. दिवसभर फिरूनही त्यावर धूळ बसलेली असते. पात्याला चिकटलेला हवेचा थर पात्याबरोबरच फिरतो. पात्याच्या दृष्टीने तिथे वारा नाहीच. पृष्ठभागापाशी सापेक्ष वेग शून्य, जरा दूर गेलं की वाढत जाणारा. व्हिस्कॉसिटीचं काम या उतरंडीतच चालतं.

आणि तापमान. पाण्याची व्हिस्कॉसिटी शून्य अंशाला साधारण १.७९ मिलिपास्कल-सेकंद, २० अंशांना १.००, १०० अंशांना ०.२८. तापवलेली हवा मात्र उलट वागते, तिची व्हिस्कॉसिटी वाढते. द्रवात रेणू एकमेकांना धरून असतात आणि उष्णता ती पकड ढिली करते. वायूत पकड जवळजवळ नाहीच. तिथे रेणूच एका थरातून दुसऱ्यात जाऊन संवेग पोचवतात आणि तापल्यावर जास्त वेगाने धावतात. मॅक्सवेलने १८६०मध्ये याच चित्रावरून ताडलं की वायूची व्हिस्कॉसिटी दाबावर अवलंबून नसावी. त्याचा त्यालाच अचंबा वाटला. पुढे लंडनच्या घरात पत्नी कॅथरीनच्या मदतीने त्याने प्रयोग केले, आणि ते खरं निघालं.

आता सेकंद ताणत न्या. ब्रिस्बेनला क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी १९२७मध्ये तापवलेला डांबरासारखा पिच काचेच्या नरसाळ्यात ओतला, तीन वर्षं तो बसू दिला आणि १९३०मध्ये नरसाळ्याचं टोक कापलं. हातोडा मारला तर हा पदार्थ काचेसारखा फुटतो. हातोड्याचा क्षण त्याला पुरत नाही, पण दशकं पुरतात. त्याची व्हिस्कॉसिटी पाण्याच्या सुमारे २३० अब्ज पट निघाली. टोक कापल्यापासून २०१४पर्यंत त्या नरसाळ्यातून नऊ थेंब पडले.