भावाचे रक्त आणि छावणीचा दंडक

शिवकालीन लष्कराच्या शिस्तीचे वर्णन करताना कृष्णाजी अनंत सभासद सांगतो की, फौजेत बायको, बटीक, कलावंतीण बाळगू नये. बाळगील त्याची गर्दन मारावी. पावसाळ्यात फौजेने आपल्या मुलखात छावणीस यावे आणि दसऱ्यानंतर पुन्हा मुलूखगिरीस निघावे, ही व्यवस्थाही तो नोंदवितो. ही बखर राजाराममहाराजांच्या काळात जिंजीस लिहिली गेली व तिचा लेखनकाळ सामान्यतः १६९७ मानला जातो. त्याच वर्षीच्या जून महिन्यात शंभुमहादेवाच्या डोंगराजवळ संताजी घोरपडे मारला गेला. त्याला मारणारा म्हसवडचा देशमुख नागोजी माने. या हत्येचे जे कारण पुढे रूढ झाले ते मात्र लष्करातले नव्हे, घरातले आहे.

घटनाक्रम थोडक्यात असा. १६९६ मध्ये कर्नाटकात आयेवारकुटीजवळ संताजी आणि धनाजी जाधव या छत्रपतींच्याच दोन सरदारांच्या फौजा एकमेकींवर चालून गेल्या. छत्रपती स्वतः धनाजीच्या बाजूस होते. धनाजीच्या पक्षाचा अमृतराव निंबाळकर पकडला गेला आणि संताजीने त्याला हत्तीच्या पायी दिले. राजाराममहाराजही संताजीच्या हाती सापडले. पण दुसऱ्या दिवशी तो हात बांधून त्यांच्यापुढे उभा राहिला. पुढे सेनापतिपद धनाजीकडे गेले आणि संताजीची माणसे त्याला सोडून जाऊ लागली. अमृतरावाची बहीण राधाबाई ही नागोजी मान्याची पत्नी. तिने पतीला चेतविले, नागोजीने एकाकी पडलेल्या संताजीचा पाठलाग केला, ओढ्यात स्नान करीत असता त्याला गाठले, आणि शिर औरंगजेबाकडे पोचले.

येथे नैतिक प्रश्न दोन आहेत आणि बहुतेक लेखक त्यांतला सोपा तेवढा विचारतात. सूडाचे समर्थन होते काय, हा तो सोपा प्रश्न. अवघड प्रश्न अमृतरावाच्या मृत्यूला काय म्हणावे, हा आहे. हत्तीच्या पायी देणे ही राजद्रोह्याची शिक्षा. येथे ती देणारा स्वतःच धन्याविरुद्ध शस्त्र धरून उभा आहे आणि भोगणारा धन्याच्या निशाणाखाली लढला आहे. तरीही दोघे एकाच धन्याचे नाव घेतात. अशा यादवीत दंड कोणता आणि खून कोणता हे ठरविणारी अधिकारसंस्थाच दुभंगलेली असते. परक्या शत्रूच्या मेलेल्या शिपायाची बहीण कोणाला ठाऊक नसते. सोयरिकींनी घट्ट विणलेल्या सरदारघराण्यांत मात्र प्रत्येक मेलेला कोणाचा तरी मेहुणा असतो. सभासदाचा दंडक बाईला छावणीबाहेर ठेवू शकला. सोयरिकीला कसा ठेवणार?

पत्नीची चिथावणी हे आशयसूत्र कथनात काय कार्य करते, हेही तपासावयास हवे. खाफीखान घटनेनंतर काही दशकांनी लिहितो आणि त्याच्याकडेही पाठलागामागे पत्नीची प्रेरणा आहे. नागोजी आधी मोगलांकडे होता, मग राजारामांकडे आला, पुन्हा मोगलांकडे वळला. संताजीच्या वधानंतर बादशहाने त्याचे मागले अपराध पोटात घातले. म्हसवडवरून वाहणारी माण नदी पुढे भीमेला मिळते आणि तेथून भीमेच्या खालच्या अंगास ब्रह्मपुरी, जेथे १६९५ पासून १६९९ पर्यंत बादशाही छावणी पडलेली होती. वतनदाराला एवढी भौगोलिक जवळीक पुरेशी बोलकी होती. राधाबाईचा शोक कथेच्या केंद्रस्थानी आणला की हे सारे मागे सरते आणि पुरुषाचा हिशेब बाईच्या भावनेच्या खाती जमा होतो. शोक खोटा होता असे नव्हे. तो खरा असल्यामुळेच वापरण्याजोगा ठरला.

सोफोक्लीजच्या अँटिगनीशी तुलना येथे सुचते. पती पुन्हा मिळेल, आईबाप गेल्यावर भाऊ मिळणार नाही, हा युक्तिवाद ती स्वतःच्या मुखाने करते, आणि तिच्यासमोर क्रेऑनच्या रूपाने एकसंध राज्यसत्ता उभी असते. हेगेलला त्यात कुटुंबाचा नियम आणि राज्याचा नियम यांचा संघर्ष दिसला तो यामुळेच. राधाबाईपुढे क्रेऑन नाही, आणि तिचे भाषणही तिचे नाही. ते फार्सी तवारिखांतून व नंतरच्या कल्पनेतून आलेले आहे. (जात्यावरच्या ओव्यांत भाऊ हा सासरी नांदणाऱ्या बहिणीचा मान असतो, पण तेथे त्याची वाट पाहिली जाते, त्याच्यासाठी रक्त मागितले जात नाही.)

एक परंपरा तर असे सांगते की, संताजी प्रथम म्हसवडास आश्रयाला आला, नागोजीने त्याला ठेवून घेतले व वाटेला लावले, आणि मगच पाठलाग सुरू झाला. ती मानली तर नैतिक पेचाचे स्थानच बदलते. मग पाहावयाची ती वेळ आश्रय आणि पाठलाग यांच्या मधली: जेवू घातलेल्या पाहुण्याच्या मागे घोडा सोडण्यापूर्वी नागोजीच्या मनात काय चालले होते? मराठी ऐतिहासिक कथन बहुधा या क्षणावरून घाईने पुढे जाते, कारण संतप्त पत्नीचा प्रवेश त्याच्या हाताशी तयार असतो.

शिर ब्रह्मपुरीकडे गेले आणि तवारिखकार त्याच्या मागोमाग छावणीत गेले. ते आणणाऱ्याला कोणता किताब मिळाला, हे ते सांगतात. म्हसवडच्या वाड्यात ही बातमी कोणी नेली आणि ती ऐकून अमृतरावाची बहीण काय म्हणाली, तिकडे ते वळत नाहीत.