काँकोर्डच्या डोक्यावर छप्पर हवे

ध्वनीच्या दुप्पट वेगाने, साठ हजार फुटांच्या आसपास जाताना काँकोर्डचे नाक १२७ अंश सेल्सिअसपर्यंत तापत असे. बाहेर हाडे गोठवणारी थंडी, तरी समोरची हवा इतकी दाबली जाई की विमानाचा सगळा पत्रा गरम होई आणि साडेएकसष्ट मीटर लांबीचे ते धूड हवेतल्या हवेत जवळजवळ वीतभर लांबे. कॉकपिटमध्ये फ्लाइट इंजिनिअरच्या पॅनेलशेजारी तेवढ्या वेळापुरती एक फट पडत असे. तीत टोपी सरकवली आणि विमान उतरून थंड झाले, की टोपी अडकलीच. २००३ साली अखेरच्या उड्डाणांत काही इंजिनिअरांनी आपल्या टोप्या तिथे मुद्दाम ठेवल्या. ती फट पुन्हा कधी उघडणार नाही, हे त्यांना माहीत होते.

या तापण्याचा आणखी एक परिणाम होता. पत्र्यांच्या सांध्यांत, रिव्हेटांच्या कडेला साचलेला ओलावा प्रत्येक फेरीत वाळून जाई. काँकोर्डचा पत्रा ज्या मिश्रधातूचा आहे त्यात अॅल्युमिनियमबरोबर तांबे आहे. उष्णतेत ताकद टिकावी म्हणून ते घातले, पण तांबे असलेले अॅल्युमिनियम गंजाला लवकर बळी पडते. उडत्या विमानाला त्याची फारशी झळ बसली नाही, कारण उडणे हीच त्याची देखभाल होती. जमिनीवर कायमचे उभे केले, त्या दिवशी हे संरक्षण संपले.

म्हणून मला वाटते की काँकोर्डच्या बाबतीत ‘जतन’ हा शब्द छपराखालच्या विमानापुरताच वापरावा. उघड्यावर उभे केलेले विमान लोकांना पाहायला ठेवलेले असते. त्याचे जतन होत नसते.

याचा पुरावा काँकोर्डच्या इतिहासातच आहे. एकूण २० काँकोर्ड बनली. त्यांतली १४ ब्रिटिश एअरवेज आणि एअर फ्रान्स यांच्या प्रवासी सेवेत होती. आज १८ शिल्लक आहेत. नसलेल्या दोघांपैकी एक जुलै २००० मध्ये पॅरिसजवळ कोसळले आणि ११३ माणसे गेली. ते सर्वांना आठवते. दुसऱ्याची आठवण क्वचितच निघते. एअर फ्रान्सचे ‘फॉक्स डेल्टा’ १९८२ मध्ये सेवेतून काढले, पॅरिसच्या विमानतळावर उघड्यावर ठेवले आणि सुटे भाग लागतील तसे त्यातून काढत गेले. बारा वर्षांत ते इतके गंजले की १९९४ मध्ये मोडीत काढावे लागले. काँकोर्ड ज्यांना सर्वांत चांगले कळत होते, त्यांच्याच अंगणात हे घडले. काळजी घेणारे जवळ असणे पुरेसे नसते, एवढे तरी यातून दिसते.

२००३ च्या ऑक्टोबरात प्रवासी सेवा संपली आणि पुढच्या काही आठवड्यांत ब्रिटिश विमाने जगभर वाटली गेली. कुठे किती लोक येतील, नाव किती होईल, हे पाहिले गेले. विमान उतरेल त्या दिवशी त्याला छप्पर तयार असेल का, या प्रश्नाला मात्र मान मिळाला नाही. सगळ्यात शेवटी बनलेले ‘आल्फा फॉक्सट्रॉट’ २६ नोव्हेंबर २००३ रोजी ब्रिस्टलजवळच्या फिल्टनला, म्हणजे आपल्या जन्मगावी उतरले. काँकोर्डचे ते अखेरचे उड्डाण. त्यानंतर तेरा वर्षे ते पश्चिम इंग्लंडच्या पावसात उभे होते. २०१७ मध्ये त्याच्यासाठी खास इमारत बांधून झाली तेव्हा कुठे ते आत गेले. ज्या गावात ते घडले, तिथल्या माणसांचा जीव त्याच्यात गुंतलेला होता, म्हणून निदान तेरा वर्षांनी का होईना पैसा उभा राहिला. सगळीकडे असे गाव नसते.

फ्रान्समध्ये तुलूझच्या एरोस्कोपिया संग्रहालयात याची तुलना एका फेरीत करता येते. तिथे दोन काँकोर्ड आहेत. चाचणी उड्डाणांसाठी वापरलेले एक दालनात आहे. एअर फ्रान्सचे ‘फॉक्स चार्ली’ बाहेर. हेच विमान जून २००३ मध्ये एअर फ्रान्सचे शेवटचे काँकोर्ड उड्डाण करून इथे आले होते. भावाभावांत एकाला घर आणि एकाला अंगण.

आता दुसरी बाजू, आणि ती मी हलकी मानत नाही. आभाळाखाली काँकोर्ड जसे दिसते तसे छपराखाली दिसत नाही. पॅरिसच्या विमानतळावर खांबांवर चढवलेले, जर्मनीत झिन्सहाइमच्या संग्रहालयाच्या गच्चीवर रशियन तुपोलेव-१४४ च्या शेजारी नाक वर करून बसवलेले काँकोर्ड पाहताना, त्या पंखाची कमान खालून जशी कळते तशी बंद दालनात कळत नाही. दालनात मागे सरकायला जागा नसते आणि विमान तुकड्यातुकड्यांनी पाहावे लागते. हे खरे नुकसान आहे. पण ते पाहणाऱ्याचे आहे, आजचे आहे. उघड्यावर होणारे नुकसान विमानाचे आहे आणि ते पुढच्या शंभर वर्षांतल्या प्रत्येक पाहणाऱ्याच्या वाट्याचे आहे.

खर्चाचा मुद्दा अधिक अवघड. पण उघड्यावर ठेवणे स्वस्त असते, हा समज तपासला पाहिजे. न्यूयॉर्कच्या इंट्रेपिड संग्रहालयातले काँकोर्ड हडसन नदीच्या धक्क्यावर उभे असते. वीस वर्षांनी, २०२३ मध्ये, ते तराफ्यावर चढवून ब्रुकलिनला न्यावे लागले. जुना रंग खरवडून नवा दिला आणि २०२४ मध्ये परत आणून ठेवले, पुन्हा त्याच धक्क्यावर. म्हणजे हा खर्च पुन्हा यायचा आहे. स्कॉटलंडच्या ईस्ट फॉर्च्युनने उलटे केले. २००४ मध्ये पंख वेगळे करून विमान जलमार्गाने आणि रस्त्याने नेले, हँगरमध्ये पुन्हा जोडले. पंख कापणे कुणालाही रुचणार नाही, मलाही नाही. तरी दोन्हींत निवड करायची तर मी ईस्ट फॉर्च्युन निवडेन.

आणि प्रश्न नुसत्या पत्र्याचा नाही. काँकोर्डचे खरे मोठेपण त्याच्या हलणाऱ्या भागांत आहे. दुप्पट ध्वनिवेगाने येणारी हवा इंजिनात तशीच घुसली तर इंजिन चालत नाही. इंजिनापुढच्या जेमतेम साडेतीन मीटरच्या बोगद्यात हलत्या पट्ट्या तिचा वेग ध्वनीच्या निम्म्यावर आणत. ही करामत कागदावर समजते, पण पट्टी हलताना पाहिली की मनात उतरते. त्यासाठी हायड्रॉलिक नळ्या, सील, तारा धडधाकट हव्यात. पॅरिसजवळच्या ल बूर्जेत ‘सिएरा डेल्टा’ छपराखाली आहे आणि तिथल्या स्वयंसेवकांनी त्याची वीज चालू ठेवली आहे. त्याचे नाक अजून खाली-वर होते. इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सच्या स्वयंसेवकांनी उघड्यावरच्या विमानाचेही नाक हलते केले, ते त्यांच्या चिकाटीने. पण अशा माणसांचे हात दर वर्षी पावसाशी झुंजण्यात का खर्ची घालायचे?

मुंबईकराला हे लांबचे वाटणार नाही. एअर इंडियानेही एके काळी दोन काँकोर्डवर हक्क राखून ठेवले होते. ती आपल्याकडे कधी आली नाहीत, पण जतनाचा हाच धडा आपण ‘विक्रांत’च्या रूपाने शिकलो आहोत. १९९७ मध्ये निवृत्त झालेली ती विमानवाहू नौका मुंबईत संग्रहालय झाली, २०१२ मध्ये असुरक्षित म्हणून बंद झाली आणि २०१४ मध्ये भंगारात गेली. जहाजावर छप्पर घालता येत नाही, हे मान्य. पण ‘संग्रहालय’ अशी पाटी लावली की वस्तू वाचली, असे आपण सर्वांनी धरले होते. पाटीने काही वाचत नाही.

आज दहा काँकोर्ड बंद दालनांत आहेत. सिअ‍ॅटलच्या एकावर नुसते छत आहे, बाजू मोकळ्या. उरलेली सात उघड्यावर. सातही वाचवायला पैसे नसतील तर कोणती आधी आत न्यायची, हे ठरवावे. जी आत जाणार नाहीत त्यांतले भाग आतल्या विमानांसाठी वेळेवर काढून ठेवावेत. हे बोलायला जड आहे, पण सातांना सारखेच गंजू देण्यापेक्षा बरे. आणि सुरुवात मालकांनी करावी. ब्रिटिश एअरवेजचे ‘आल्फा ब्राव्हो’ ऑगस्ट २००० नंतर उडालेले नाही. काँकोर्ड रोज जिथून निघत असे, त्या हीथ्रोवर ते आजही उघड्यावर उभे आहे.