समदृष्टी आणि गेटवरचा वॉचमन



आजचा श्लोक गीतेच्या पाचव्या अध्यायातला, 18वा. विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने सगळ्यात खाली ढकललेला माणूस, या सगळ्यांकडे ज्ञानी समदृष्टीने पाहतो. सकाळी वाचून नेहमीसारखं "किती छान!" झालं. दहा मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज: बंगाली बोलणाऱ्या कामवाल्यांना उद्यापासून गेटवर अडवायचं. बांगलादेशी नाही हे सिद्ध करा, मगच आत.

आमच्याकडे भांडी-फरशीला येणाऱ्या ताई मुर्शिदाबादच्या. सहा वर्षं येतायत.

सेक्रेटरी काकांना फोन केला. काका वाईट माणूस नाहीत हो, लॉकडाऊनमध्ये त्यांनीच वॉचमनच्या घरी किराणा भरला होता. म्हणाले, "अगं, देशाला सीमा असते की नाही? उद्या पोलीस आपल्याला विचारतील." यात चूक काय? समदृष्टी म्हणजे सगळ्यांना सारखं वागवणं नव्हेच. गायीला चारा घालतो, कुत्र्याला नाही. बेकायदा आलेल्याला कायद्याने परत पाठवलं तर गीता आड येते असं मला वाटत नाही.

मी अडकले ते "पाहतो" या शब्दावर. वागवणं नंतरचं, आधी आपण पाहतो काय? केरळच्या नर्सला कोणी कागद मागितले नाहीत. ताईंना मागायचे, कारण त्या फोनवर बंगालीत बोलतात. पण ती भाषा तर पश्चिम बंगालमधले कोट्यवधी भारतीय बोलतात! जून 2025 मध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या तिथल्याच काही मजुरांना सीमेपलीकडे ढकललं, आणि ते भारतीय निघाल्यावर परत आणावं लागलं.

मग म्हटलं, आधी माझेच कागद काढू. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. 1 जुलै 1987 पासून पुढे जन्मलेल्यांना नुसतं "इथे जन्मले" म्हणून चालत नाही, आई किंवा वडील भारतीय असावे लागतात. मी 1997 ची. आईचा जन्म गावी, घरातच झालेला. जन्मदाखला नाही. शाळेच्या दाखल्यावर तारीख 1 जून, गुरुजींनी ठोकून दिलेली (तुमच्याही घरात एखादी 1 जून असेलच). आणि कायदा सांगतो, परदेशी नाही हे ज्याच्यावर संशय त्यानेच सिद्ध करायचं. माझ्यावर संशय येत नाही, एवढंच.

अकरा वाजता ताई आल्या. मी काही विचारायच्या आत त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून मतदार कार्ड काढलं. "दीदी, देख लो." राहू दे म्हणायला हवं होतं. पण मी कार्ड हातात घेतलं आणि फोटो त्यांच्या चेहऱ्याशी जुळवून पाहिला. सकाळचा श्लोक तसाच उघडा होता टेबलावर.

ग्रुपवर मी अजून काही लिहिलेलं नाही. संध्याकाळी काकांकडे जातेय, आईचा 1 जूनवाला दाखला घेऊन. त्यांची स्वतःची जन्मतारीखही विचारणार आहे.