गोंडी पुण्याच्या वर्गातही हवी

पुण्याच्या क्वीन्स गार्डनमध्ये आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय आहे. संस्था १९६२ची. वारली चित्रं, मुखवटे, वाद्यं, दागिने असा तिथला संग्रह मोलाचा आहे आणि प्रत्येक पुणेकर मुलाने तो पाहायला हवा. पण ही वाद्यं वाजवणारी, हे दागिने घालणारी माणसं घरात काय बोलतात, ते आपल्या शाळांमध्ये कुठेच ऐकू येत नाही. वार्षिक संमेलनात पिसं खोवून 'आदिवासी नृत्य' बसवलं जातं, तेवढ्यावर त्या संस्कृतीची ओळख संपते.

न्यूझीलंडच्या माओरींनी याहून बिकट स्थितीतून वाट काढली. १८६७च्या कायद्याने त्यांच्या मुलांच्या शाळांत इंग्रजी आली आणि पुढे शाळेत माओरी बोललं म्हणून मार खाल्लेल्या पिढ्या निघाल्या. १९७२मध्ये तीस हजारांहून अधिक सह्यांचं निवेदन संसदेत गेलं: आमची भाषा शाळांत शिकवा. दहा वर्षांनी वेलिंग्टनजवळ पहिली माओरी बालवाडी उघडली. तिथे आजी-आजोबांच्या पिढीतली माणसं मुलांशी फक्त माओरीत बोलत. १९८७मध्ये ती अधिकृत भाषा झाली. मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: आज तिथे गोऱ्या घरातली मुलंही शाळेत माओरी गाणी आणि अभिवादनं शिकतात. अल्पसंख्यांची भाषा जपण्याचा भार बहुसंख्यांच्या मुलांनीही थोडा उचलला.

आपल्याकडे अशी धडपड गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात झाली. मोहगावच्या ग्रामसभेने २०१९मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. शासनाची मान्यता नाही म्हणून तिला नोटीस आली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. राज्यघटनेचं ३५०-अ हे कलम भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करायला राज्याला सांगतं. २०११च्या जनगणनेत देशभरात गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे तीस लाख होते, आणि तरी आठव्या अनुसूचीत गोंडी नाही.

२०२५च्या उन्हाळ्यात पहिलीपासून हिंदी नको म्हणून महाराष्ट्र पेटून उठला. लहान मुलाचं शिक्षण त्याच्या घरच्या भाषेतून सुरू व्हावं, हे आपण ठामपणे मांडलं आणि २९ जूनला सरकारने हिंदी आणणारे शासन निर्णय मागे घेतले. आपलं म्हणणं रास्त होतं. पण पहिलीत प्रथमच मराठी ऐकणाऱ्या माडिया किंवा कोरकू मुलालाही ते जसंच्या तसं लागू होतं. तिथे मराठी हीच वरून आलेली भाषा असते. हे मान्य करायला मराठीप्रेम आड येऊ नये. उलट ज्याने स्वतःच्या भाषेसाठी भांडण केलं, त्याला हे आधी कळायला हवं.

पाठ्यपुस्तकं करणारी बालभारती आणि अभ्यासक्रम आखणारी राज्य परिषद, दोन्ही पुण्यात आहेत. धानोऱ्याच्या मुलाच्या हाती काय पडेल, ते बरंचसं या शहरात ठरतं. म्हणून द्विभाषिक पुस्तकांचा आग्रह पुण्यातूनच धरला पाहिजे. आणि शहरातल्या मुलांसाठी तर फार लांब जायलाही नको. आंबेगाव, जुन्नर, मावळात महादेव कोळी, ठाकर, कातकरी वस्त्या आहेत. तिथल्या जाणत्या बायाबापड्यांना वर्षातून काही दिवस शाळेत बोलवावं, त्यांची गाणी, रानभाज्यांची ओळख, त्यांची बोली त्यांच्याच तोंडून मुलांना शिकू द्यावी. त्यांना पाहुणे म्हणून शाल-श्रीफळ देऊन परत पाठवू नये. शिक्षकाचं मानधन द्यावं आणि तो तास वेळापत्रकात लिहावा.