भांड्याला चव लागते का?

१९९३ साली ‘झपाटलेला’तल्या तात्या विंचूने घरोघरच्या पोरांची झोप उडवली. २००६ साली ‘लगे रहो मुन्नाभाई’त गांधीजी हळू आवाजात बोलू लागले, तेव्हा तीच पोरं मोठी होऊन डोळे पुसत होती. खुनी आणि महात्मा, दोघांचा देह एकच: दिलीप प्रभावळकर. गांधींसाठी आणि त्याच वर्षीच्या ‘शेवरी’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुण्य असं पदरात पडत असेल, तर विंचूचं पाप कुणाच्या खाती जमा करायचं?

प्रश्न पोरकट वाटतो खरा. पण हजार वर्षांपूर्वी काश्मिरात नाट्यशास्त्रावर भाष्य लिहिताना अभिनवगुप्ताने त्याच्या मुळालाच हात घातला होता. रस नटात नसतो, तो प्रेक्षकात जागा होतो, असं त्याचं म्हणणं. नट म्हणजे पात्र. मद्याची चव भांड्याला लागत नाही. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये तत्त्वज्ञ दिदेरोही याच वळणावर आला: दुसऱ्यांना रडवायचं असेल, तर नटाने स्वतः कोरडं राहावं.

प्रभावळकरांच्या भांड्यात काय काय ओतलं गेलं, ते पाहावं. दूरदर्शनवर चि. वि. जोशींचा भाबडा चिमणराव. ‘चौकट राजा’त वय वाढूनही मूलच राहिलेला नंदू. ‘हसवाफसवी’ या स्वतःच लिहिलेल्या नाटकात एका रात्रीत सहा माणसं. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’त घरातले आबा, ज्यांना लोक आपलेच आजोबा समजू लागले. एक रिकामं केल्याशिवाय दुसरं भरता येत नाही, आणि ते रिकामं करणं हीच बहुधा या माणसाची खरी तालीम असावी.

शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘विवेकचूडामणी’त हाच नट ज्ञान्याच्या दाखल्याला येतो: वेष चढो वा उतरो, आतला माणूस तोच. दाखला देखणा आहे, आणि थोडा धोक्याचाही. सगळंच सोंग ठरलं, तर हातून घडलेल्याचा जाब द्यायचा कुणी?

हा पेच पाहायला मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याला जावं. २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौसर हे तालुके वेगळे निघाले आणि नवा जिल्हा झाला. कारभार हिंदीत, घरातली भाषा मराठी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे जाम नदीत पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. मग गोटमार सुरू होते. कथा अशी सांगतात की पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावची मुलगी घेऊन नदी ओलांडत होता आणि दोन्हीकडून दगड आले. त्या जोडप्याच्या आठवणीने आजही दगड येतात. शेकडो माणसं जखमी होतात. काही जिवानिशी गेली आहेत.

वर्षभर ज्यांच्याशी बाजार, सोयरीक, उठबस, त्यांच्यावरच त्या दिवशी गोटा फेकायचा. फेकणारा म्हणतो, परंपरा आहे, चंडीमातेचं आहे. म्हणजे तोही एक भूमिकाच करतो: शेकडो वर्षांपूर्वीच्या रागावलेल्या गावकऱ्याची. मराठीत नदीच्या तळालाही पात्रच म्हणतात. त्या पात्रात त्या दिवशी दोन गावं पात्रं होऊन उतरतात.

तात्या विंचूने मारलेला माणूस कॅमेरा थांबताच उठून चहा पितो. नटाला मिळालेली सूट या उठण्यावर टिकून आहे. जामच्या काठावर डोकं फुटलेला माणूस दवाखान्यात जातो, आणि टाके घालताना रक्त कुणाच्या भूमिकेचं, हे डॉक्टर विचारत नाही. अभिनवगुप्ताचं भांडं इथे कामाला येत नाही.

प्रशासनाने मध्यंतरी दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. म्हणजे गोटमारीचं नाटक करून पाहिलं: तोच झेंडा, तोच पळस, तीच आरोळी, फक्त हातातली वस्तू रंगमंचावरची. लोकांनी चेंडू घेतले, आणि थोड्या वेळाने पुन्हा गोटे उचलले.