आतिथ्याचे ऋण कोणाला फेडावे?

ब्रह्मचारी, वानप्रस्थ आणि संन्यासी हे तिघेही गृहस्थाच्या अन्नावर जगतात, म्हणून गृहस्थाश्रमाची थोरवी शास्त्रांनी गाइली आहे. अतिथीचा सत्कार हा गृहस्थाच्या पाच महायज्ञांपैकी एक यज्ञ होय. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, ही व्युत्पत्तीही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु या सर्व उपदेशात आपण नेहमी यजमानाच्या जागी उभे असतो; आपण उंबरठ्याच्या आत आणि अतिथी बाहेर. प्रवासास निघालेल्या गृहस्थाची जागा मात्र पालटते. भाषा कळत नाही, अन्न ओळखीचे नाही, रात्र पडत चालली आहे, अशा वेळी कोणी परका मनुष्य त्याला आपल्या घरी नेतो, जेवू घालतो, वाट दाखवितो आणि काही देऊ केले तर हात मागे घेतो. परदेशाहून परतलेले लोक असे अनुभव मोठ्या आनंदाने सांगतात. "तेथील माणसे फार चांगली हो!" एवढे बोलून ते थांबतात. हा विषय तेथेच थांबावा काय, हा प्रश्न आहे. घेतलेल्या आतिथ्याचे ऋण असते की नाही? असेल, तर ते कोणाला फेडावयाचे?

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण या प्रश्नाच्या मुळाशी जाते. त्यांचे पती गोपाळराव यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेतील मिशनरी मंडळींकडे साहाय्य मागितले होते. तो पत्रव्यवहार एका मिशनरी मासिकात छापून आला. मिळालेल्या उत्तराचा रोख धर्मांतराकडे होता. म्हणजे दार उघडण्यास सिद्धता होती, पण अटीवर. तेच मासिक न्यू जर्सीमधील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या हाती एका दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असता पडले. त्यांनी आपण होऊन पत्र लिहिले आणि समुद्रापलीकडील एका अनोळखी मुलीला आपले घर देऊ केले. आनंदीबाई १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघाल्या व जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा होते. त्या घरात त्यांनी आपला पोशाख ठेवला, आपला शाकाहार पाळला. कार्पेंटरबाई त्यांच्या मावशी झाल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथे त्यांना वैद्यकीची पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या निवर्तल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली, आणि त्या माउलीने ती न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेवली.

आता विचार करावा. आनंदीबाईंनी हे ऋण कसे फेडावयाचे होते? आयुष्यच उरले नव्हते. आणि आयुष्य असते, तरी कार्पेंटरबाईंना परतफेड देणे म्हणजे त्यांच्या करणीला व्यवहाराच्या तराजूत घालणे झाले असते. भगवंतांनी सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार केले आहेत. जो उलट उपकार करू शकणार नाही त्याला केवळ कर्तव्यबुद्धीने दिलेले दान सात्त्विक. परतफेडीवर किंवा फळावर डोळा ठेवून, मनात कुरकुरत दिलेले राजस. अवमान करून दिलेले तामस. मिशनरी मासिकातील उत्तर आणि कार्पेंटरबाईंचे पत्र ही दोन्ही एकाच धर्माच्या माणसांनी लिहिलेली. भेद धर्माचा नव्हता, गुणाचा होता.

येथे काही सज्जन शंका काढतील की, भगवंतांनी देश, काळ आणि पात्र पाहावयास सांगितले आहे. मग येईल त्या परक्याला घरात कसे घ्यावे? शंका रास्त आहे. धन देताना पात्रता अवश्य पाहावी. सावधपणा हा काही दोष नव्हे. परंतु भुकेल्याची भूक आणि थकलेल्याचा थकवा हीच त्याची पात्रता होय. त्याचे कुल, भाषा आणि प्रांत विचारून मग पाण्याचा तांब्या पुढे करणाऱ्याने त्या श्लोकाचा आधार सांगू नये.

परदेश म्हटला की आपल्याला समुद्र आठवतो. आपल्या जुन्या मराठीत मात्र हिंदुस्थानी बोलणाऱ्या उत्तरेकडील माणसालाही 'परदेशी' म्हणत. तो न्याय उलटा लावला, तर दिल्लीत उतरलेला मराठी मनुष्य तेथे परदेशीच ठरतो. करोल बाग ही दिल्लीची वस्ती या दृष्टीने पाहण्यासारखी आहे, कारण तेथे मुळचा असा कोण, हे सांगणे कठीण आहे. नवी दिल्ली उभारताना माधोगंज, जयसिंगपुरा अशा वस्त्या उठल्या आणि तेथील लोकांना करोल बागेत आणून वसविले. हकीम अजमल खान यांचे तिब्बिया कॉलेज येथेच उभे राहिले. १९२१ मध्ये महात्मा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. पुढे १९४७ साली फाळणीच्या दंग्यांत येथील पुष्कळ मुसलमान कुटुंबे घरेदारे सोडून गेली, आणि पश्चिम पंजाबातून सर्वस्व गमावून आलेली कुटुंबे तेथे राहिली. शेजारच्या राजेंद्रनगरातील सर गंगाराम रुग्णालयसुद्धा निर्वासितच म्हणावे लागेल. मूळ संस्था लाहोरची. दिल्लीत तिचा पाया १९५१ मध्ये घातला गेला.

अशा वस्तीत मराठी कुटुंबे नोकरीनिमित्त गेली, आणि अलीकडे लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी महाराष्ट्रातील मुले-मुली शेकड्यांनी जातात. त्यांपैकी कित्येकांच्या तोंडून मी ऐकले आहे की, पहिल्या तापात काढा करून देणारी, सणाच्या दिवशी 'घरी नाहीस ना, मग इथे जेव' म्हणणारी कोणी पंजाबी आजी होती. स्वतःचे घर गमावलेल्याला परक्याचे दुःख लवकर कळते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तसा नियम नाही. दुःखाने कित्येकांची दारे अधिक घट्टही होतात. ज्यांची उघडी राहिली, त्यांनी तो निश्चय केला होता, एवढेच म्हणता येईल. या आज्यांना महाराष्ट्र ठाऊक असतो तो नामदेवांमुळे. नामदेवांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत, आणि गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान गावाने त्या परदेशी संताची स्मृती आपल्याच माणसाची म्हणून जपली आहे.

त्या आजीचे घर कोणाचे? तिच्याआधी तेथे दुसरे कोणी राहत असेल. त्याच्या चुलीची राखही आता उरलेली नाही. आपल्या नावाचा फलक दारावर लावणारा प्रत्येक गृहस्थ खरे तर थोड्या दिवसांचा पाहुणा आहे, हे करोल बागेत जितक्या चटकन उमगते तितके पिढीजात वाड्यात उमगत नाही. यजमानच जर पाहुणा असेल, तर ऋण त्याच्याशी संपत नाही. तिसऱ्या अध्यायातील यज्ञचक्राचा उपदेश येथे लावून पाहावा. जे मिळाले ते पुढे चालविले नाही, तर चक्र त्या मनुष्यापाशी अडते, मग तो कितीही कृतज्ञ असो.

आज त्याच करोल बागेत दारोदारी 'पेइंग गेस्ट'च्या पाट्या आहेत. पाहुण्याने पैसे मोजावे, हा शब्द जुन्या माणसांना चमत्कारिक वाटेल. भाडे घेणे हा काही अधर्म नव्हे. विधवेचा संसार त्यावर चालतो. अडचण आहे ती खोली देण्यापूर्वी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची: कोणत्या प्रांताचे, कोणत्या जातीचे, काय खाता? हे प्रश्न दिल्लीत ईशान्येकडील विद्यार्थ्याला विचारतात, तसेच पुण्यात बिहारच्या मुलालाही विचारतात. विचारणाऱ्यांत असाही कोणी असतो, ज्याने तरुणपणी दिल्लीत परक्याच्या हातची भाकरी खाल्लेली असते.

माझ्या परिचयाचे एक निवृत्त गृहस्थ पुण्यात राहतात; करोल बागेत त्यांनी सात वर्षे काढली. वरची खोली ते भाड्याने देतात आणि भाडे चोख घेतात. परंतु नवा भाडेकरू ट्रंक घेऊन येतो, त्या दिवसाचे दोन्ही वेळचे जेवण त्यांच्याकडून जाते. मागल्या खेपेस छपऱ्याचा एक मुलगा आला. त्याला वरणभात आवडेना, तेव्हा घरच्या बाईंनी दुसऱ्या वेळी त्याच्यासाठी पराठे केले.